खेळाडूचें वाचन

वार्षिकाचा अंक हातीं पडतांच आमचे विद्यार्थी प्रथम कोणतें पान उघडतात, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. खेळांच्या वृत्तान्ताचें! कोणीं किती धांवा काढल्या, ढाल कोणीं पटकाविली, संघाच्या छायाचित्रांत कोण कोणाशेजारीं उभा आहे, हें सर्व पाहून झाल्यावर मग निबंधांची पाळी येते. याचा आम्हांस विषाद वाटत नाहीं. त्या वयांत आम्हीही तेंच करीत होतों. परंतु या मुलांचे पालक आम्हांस भेटतात तेव्हां त्यांचे दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, "गुरुजी, याचा खेळ तेवढा बंद करा, पोरगा वायां चालला." दुसरा म्हणतो, "गुरुजी, गणितांत चार गुण कमी पडले तर सांभाळून घ्या. जिल्ह्याच्या संघांत त्याची निवड व्हावयाची आहे." वरकरणी हे दोघे एकमेकांचे विरोधी, पण समज दोघांचा एकच, कीं खेळ आणि अभ्यास या एका म्यानांत न मावणाऱ्या दोन तरवारी होत. हा समज आम्हांस खोटा वाटतो. कां वाटतो, तें सांगण्यासाठीं अमेरिकेंतील एका धंदेवाईक खेळाडूचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉल नव्हे. त्यांत पायाचें काम बेताचेंच. चेंडू लांबट, दोन्ही टोंकांस निमुळता. तो उराशीं धरून धांवावयाचें किंवा आपल्या गड्याकडे फेंकावयाचा. मैदान शंभर यार्ड लांब, दर बाजूस अकरा गडी, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकतां आलें नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं. चेंडू घेऊन येणाऱ्यास अंगावर झेंप घालून पाडणें, हें बचावाच्या फळीचें काम. हुतूतूंत दम घालीत आलेल्या गड्यास धरतात तशांतलाच हा प्रकार. मात्र गडी दोनअडीचशें पौंडांचे आणि डोक्यावर शिरस्त्राण. अॅलन पेज हा या फळींतला.

ओहायो संस्थानांत कॅन्टन म्हणून पोलादाच्या कारखान्यांचें एक गांव आहे. तेथें ७ ऑगस्ट १९४५ रोजीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत अॅलनचा जन्म झाला. अशा मुलापुढें त्या गांवीं ठरलेली वाट म्हणजे मोठें व्हावें आणि कारखान्यांत जावें. आईबापांस तें मान्य नव्हतें. पोरानें शिकलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९५४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सरकारी शाळांत वर्णावरून मुलें वेगळीं बसविणें घटनाबाह्य ठरविलें. तेव्हां अॅलनला नववें वर्ष चालू होतें. कायद्यांत एवढें सामर्थ्य असूं शकतें हें त्या पोराच्या मनावर ठसलें, आणि आपण वकील व्हावें असें त्यानें ठरविलें. तेरा वर्षांचा असतां त्याची आई वारली. फुटबॉल त्याच्या आयुष्यांत आला तो हायस्कुलांत गेल्यावर. स्वप्न आधीं, चेंडू मागाहून, हा क्रम आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुष्कळ घरीं तो उलटा असतो.

गांवच्या कॅथलिक हायस्कुलांतून तो नोटर डेम विद्यापीठांत गेला. १९६६ सालीं त्या विद्यापीठाचा संघ राष्ट्रांत पहिला ठरला. पुढल्या वर्षीं अॅलन राज्यशास्त्राचा पदवीधर झाला, आणि त्याच वर्षीं मिनेसोटा व्हायकिंग्ज या धंदेवाईक संघानें त्यास उचललें. १९७१ सालीं सबंध लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यास मिळाला. बचावाच्या गड्यास हा मान त्यापूर्वीं कधींच मिळाला नव्हता. त्या संघांत असतां तो चार वेळां सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि चारही वेळां हरला. आठवीच्या मुलांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें. एक सामना हरल्यावर त्यांनीं डबे न उघडतां परत नेले होते, हें आम्ही विसरलों नाहीं.

वकिलीचा पहिला प्रयत्न फसला. कायद्याच्या एका महाविद्यालयांत नांव घातलें आणि तीन आठवड्यांत सोडलें. नामांकित खेळाडूनें तेथेंच तो नाद सोडला असता तर कोणीं नांवें ठेविलीं असतीं? पैसा होता, कीर्ति होती. परंतु कांहीं वर्षांनीं त्यानें मिनेसोटा विद्यापीठांत पुन्हां नांव घातलें, आणि खेळत असतांनाच अभ्यास करून १९७८ सालीं कायद्याची पदवी मिळविली. त्याच वर्षीं संघानें त्यास काढून टाकलें. पत्नीच्या संगतीनें तो लांब पल्ल्याचें धांवूं लागला होता; त्यामुळें वजन उतरलें होतें, आणि तें संघाच्या शिक्षकांस मानवत नव्हतें. शिकागो बेअर्स या संघानें शंभर डॉलरांच्या ठरीव रकमेवर त्यास घेतलें. तेथें तो १९८१ पर्यंत खेळला. पंधरा वर्षांत लीगचे २१८ सामने झाले. त्यांतला एकही त्यानें चुकविला नाहीं.

येथून पुढें एकवचन पुरे. पेज यांनीं प्रथम खासगी वकिली केली, मग संस्थानच्या अॅटर्नी जनरलच्या कचेरींत काम केलें. मिनेसोटांत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश लोकांच्या मतांनीं निवडले जातात. १९९२ सालीं पेज निवडणुकीस उभे राहावयास निघाले, तों गव्हर्नरानें त्या जागेवरील न्यायाधीशाची मुदत वाढवून निवडणूकच टाळली. पेज यांनीं दावा लावला. आपल्याच सहकाऱ्याविषयींचा खटला कसा ऐकावा म्हणून न्यायाधीश बाजूस सरले, त्यांच्या जागीं दुसरे बसले, आणि निकाल पेज यांच्यासारखा लागला. निवडणूक झाली, ते निवडून आले. १९९३ च्या आरंभीं ते न्यायासनावर बसले. त्या न्यायालयाचे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. सत्तर वर्षें पुरीं होतांच, २०१५ सालीं, कायद्याप्रमाणें निवृत्त झाले.

हें सर्व चरित्रकोशांत सांपडेल. आम्हांस लिहिण्यास बसविलें तें एका निराळ्या गोष्टीनें. धंदेवाईक फुटबॉलच्या थोर खेळाडूंचें स्मारकमंदिर कॅन्टन येथेंच आहे. तें १९६३ सालीं उघडलें. त्याच्या बांधकामावर कोंवळ्या वयांत पेज यांनीं मजुरी केली होती. १९८८ सालीं त्याच मंदिरांत त्यांच्या नांवाचा समावेश झाला. अशा वेळीं खेळाडूची ओळख बहुधा त्याचा जुना शिक्षक किंवा सोबती करून देतो. पेज यांनीं तो मान एका शाळेच्या मुख्याध्यापिकेस दिला, आणि आपल्या भाषणांत खेळाविषयीं थोडें व शिक्षणाविषयीं पुष्कळ बोलले. त्यांनीं सांगितलें कीं, संघाच्या डावपेंचांची पुस्तिका मोठ्यानें वाचण्याचा प्रसंग आला तेव्हां आपल्या कांहीं सोबत्यांस ती धड वाचतां येत नव्हती. हे गडी हायस्कुलांतून आणि महाविद्यालयांतून आलेले होते! त्यांस वर्षानुवर्षें कोणीतरी पुढें ढकलीत आलें होतें.

हें वाचून आमचे डोळे खालीं वळले. आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका शाळेंत, आमच्या वर्गांत एक मुलगा होता. हॉकींत त्याच्यासारखा गडी तालुक्यांत नव्हता. वाचावयास उभा केला कीं अक्षरांवर बोट ठेवून अडखळे, पोरें हंसत. वार्षिक परीक्षेंत तो नापास होता. कोणीं आम्हांस सांगितलें नाहीं, कोणीं दटावलें नाहीं. अंतिम सामना तोंडावर होता म्हणून आम्हीच आमच्या लेखणीनें त्याचे गुण वाढविले. ढाल आली. मुलें आम्हांस खांद्यावर घेऊन नाचलीं. बारा वर्षांनीं तो स्टेशनावर भेटला. पायां पडला, मुलाबाळांची हकीकत सांगितली, आणि मग खिशांतून एक सरकारी कागद काढून म्हणाला, "मास्तर, चष्मा घरीं राहिला, एवढें वाचून दाखवतां?" आम्ही वाचून दाखविलें. चष्मा त्यास कधींच लागलेला नव्हता, हें आम्हांसही कळलें आणि आम्हांस कळलें हें त्यासही.

म्हणून जो पालक चार गुण मागावयास येतो त्यास आमची विनंती कीं, त्यानें ते मागूं नयेत; ते आम्ही देतों तेव्हां मुलाच्या ताटांतलें काढून घेतों. आणि जो खेळ बंद करा म्हणतो त्यानेंही घाई करूं नये. प्रेषित पौलानें करिंथकरांस लिहितांना धांवणाऱ्याचा आणि मुष्टियोद्ध्याचा दृष्टांत घेतला आहे. त्याला आखाडा त्याज्य वाटला असता तर त्यानें दुसरा दृष्टांत शोधला असता. पेज यांनीं तीन आठवड्यांत सोडलेला अभ्यास पुन्हां धरला, तो चिवटपणा मैदानावर मिळाला कीं घरीं, हें आम्ही ठरवूं शकत नाहीं. पण मैदानानें तो खास मारला नाहीं. प्रत्येक गडी पेज होत नाहीं, हेंही खरें. किंबहुना त्या खेळांत डोक्यास बसणाऱ्या आघातांनीं पुष्कळांच्या मेंदूस पुढें कायमचा अपाय झाला, असें वैद्यांनीं दाखवून दिलें आहे. त्या खेळाचें आम्ही गुणगान करीत नाहीं. ज्याच्या हातांतून चेंडू सुटतो त्याच्या हातांत दुसरें कांहीं असावें, एवढेंच आमचें म्हणणें.

१९८८ सालींच पेज पतिपत्नींनीं एक शिक्षणनिधि स्थापिला. त्यांतून उच्च शिक्षणास साह्य मिळतें. अट अशी कीं, साह्य घेणाऱ्यानें आपल्याहून लहान मुलांस अभ्यासांत मदत करण्यास वेळ द्यावा. ही अट आम्हांस फार आवडली, आणि ती आम्ही उचलण्याचें ठरविलें आहे. येत्या जूनपासून सोमवारीं व गुरुवारीं, खेळ सुटल्यावर अर्धा तास, आम्ही सातवीच्या वर्गांत बसणार आहों. संघांतील ज्या मुलांस वाचन जड जातें त्यांनीं यावें. ज्यांस सोपें जातें त्यांनींही यावें, आणि एकेका लहानाशेजारीं बसावें. हॉकीच्या मुलांनीं नळावर पाय धुऊन मग वर्गांत शिरावें.