चुलत भावाच्या लाळेवरून खुनी सापडतो, मग मराठवाड्यात का नाही?

मराठवाड्यात ‘वंशावळ’ हा शब्द सप्टेंबर २०२३ नंतर घराघरांत पोहोचला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, निजामकाळातली कागदपत्रं बाहेर निघाली आणि पणजोबा-खापरपणजोबांची नावं जुळवत लोक तहसील कार्यालयाच्या चकरा मारू लागले. अमेरिकेत पोलीस अशीच वंशावळ खुनी शोधायला वापरतात. फक्त तिला डीएनएची जोड देतात.

छत्रपती संभाजीनगरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, हे शास्त्र शिकवणारी शासकीय संस्थाही आहे. मग वर्षानुवर्षं उलगडा न झालेले गुन्हे इथेही या पद्धतीने सुटतील का?

आधी पद्धत समजून घेऊ

पोलीस तपासातली नेहमीची डीएनए चाचणी साधारण वीसेक ठिकाणं तपासते. घटनास्थळावरचा नमुना आणि संशयिताचा नमुना एकाच माणसाचा आहे का, एवढं त्यातून कळतं. अडचण अशी की त्यासाठी संशयित आधी हाती लागावा लागतो.

जनुकीय वंशावळीत डीएनएमधली लाखो ठिकाणं वाचली जातात आणि दूरचे नातेवाईक शोधले जातात. सख्खे चुलत भाऊ सरासरी साडेबारा टक्के डीएनए वाटून घेतात. एकाच पणजोबांच्या पणतवंडांमध्ये हा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास उरतो. तेवढ्या धाग्यावरून मागे पूर्वजांपर्यंत जायचं आणि तिथून पुढे त्यांच्या वंशजांपर्यंत उतरायचं. वय, गाव, लिंग यांची चाळणी लावली की मोजकी नावं उरतात.

कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकांत १३ खून आणि कितीतरी बलात्कार करणारा ‘गोल्डन स्टेट किलर’ एप्रिल २०१८ मध्ये असाच सापडला. तो होता ७२ वर्षांचा माजी पोलीस, जोसेफ डीअँजेलो. त्याने स्वतःचा डीएनए कुठेही दिला नव्हता. वंशावळीच्या संकेतस्थळावर हौसेने माहिती टाकली होती ती त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी. पोलिसांनी मग त्याच्या गाडीच्या दाराच्या मुठीवरून नमुना घेऊन खात्री केली, कारण वंशावळ हा पुरावा नसतो. ती फक्त दिशा दाखवते.

इथे गाडं कुठे अडतं?

पहिली गोष्ट, लाखो लोकांनी आपखुशीने भरलेला डीएनएचा साठा भारतात नाही. कागदी वंशावळींची मात्र कमी नाही. महसुली नोंदी आहेत, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. पण या वंशावळी मुख्यतः बापाकडून मुलाकडे उतरतात. सासरी गेलेल्या लेकींची शाखा बहुतेकदा तिथेच तुटते. डीएनए मात्र आईकडूनही तितकाच येतो. म्हणजे निम्मं झाड कागदावर नसतंच.

त्याहून मोठा गुंता लग्नांचा आहे. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे आणि बाकीचीही लग्नं पिढ्यान्‌पिढ्या जातीतच होतात. त्यामुळे दोन माणसं एकाच वेळी दोन-तीन वाटांनी नातेवाईक असतात आणि डीएनएचा वाटा वाढून लांबचा भाऊ जवळचा दिसू लागतो. अमेरिकेतले हिशेब इथे जसेच्या तसे लावले, तर पोलीस भलत्याच दारात उभे राहतील. हा धोका तांत्रिक म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

संमतीचा प्रश्नही आहेच. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भावाने नळीत लाळ देऊन अहवाल अपलोड केला, तर सिडकोत राहणाऱ्या त्याच्या चुलत भावंडांचीही ओळख अर्धीमुर्धी उघडी पडते. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. दत्तक गेल्याची किंवा बाप वेगळा असल्याची गोष्ट अशा शोधात सहज वर येते. डीअँजेलो प्रकरणात नाव गाजलेल्या ‘जीईडीमॅच’ने मे २०१९ मध्ये नियम बदलला आणि स्पष्ट होकार देणाऱ्यांचीच माहिती पोलीस तपासासाठी खुली केली.

आपल्याकडे डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, संसदीय समितीकडे गेलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ नुसार अटक झालेल्यांचे आणि दोषींचे जैविक नमुने घेता येतात, नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. गुन्ह्याशी संबंध नसलेल्या नातेवाइकांचं काय, हे तिथे सापडत नाही.

त्याआधीची पायरी

भाईंदरमध्ये २०१० साली सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपीला फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयानेही ती कायम केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. नमुने प्रयोगशाळेत उशिरा पोहोचले होते, त्या उशिराचं कारण कुणी दिलं नव्हतं आणि दरम्यान नमुन्यांत भेसळ झाली नसेल याची खात्री देता येत नव्हती. त्या मुलीला न्याय मिळाला नाही आणि एका माणसाची वर्षं फाशीच्या छायेत गेली. अशा नमुन्यातली वीस ठिकाणं वाचा की लाखो, न्यायालयासमोर त्याची किंमत तीच राहते.

ही पद्धत इथे आधी उपयोगी पडू शकते ती अनोळखी मृतदेहांच्या बाबतीत. विहिरीत, रेल्वेरुळावर सापडलेल्या माणसाचे नातेवाईक त्याला शोधतच असतात, नमुना द्यायला ते स्वतःहून तयार होतात. तिथे संमतीचा पेच बराच सुटतो.

गुन्ह्यांच्या तपासात १ जुलै २०२४ पासून सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या प्रकरणांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत बंधनकारक केलं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक अट घातली: डीएनएचा नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे आणि तो कुणाच्या हातून कुणाकडे गेला, याची नोंद शेवटपर्यंत ठेवली पाहिजे.