वजनाची शस्त्रक्रिया : खर्चाआधी काय विचाराल?

नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, हे वाचकांना आठवत असेल. पुढे २०२२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी पात्रतेची मर्यादा बीएमआय २७.५ पर्यंत खाली आणली. साहजिकच आपल्या जिल्ह्यातूनही नागपूरकडे चौकशा होतात. पहिला प्रश्न बहुधा एकच, खर्च किती? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा : टाके निघाल्यावर मला कोण तपासणार?

जठर लहान झाले की जेवण घटते, तसे शरीराला मिळणारे लोह, ब-१२ आणि प्रथिनेही घटतात. शाकाहारी माणसात ब-१२ अनेकदा मुळातच कमी असते. म्हणून गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. नागपूर येथून सुमारे दीडशे किलोमीटर; पेरणीच्या दिवसांत तपासणीला कोण जाईल? ज्या केंद्रात आहारतज्ज्ञ नाही, जे यवतमाळच्या डॉक्टरांसाठी लेखी सूचना देत नाही, रात्री पोट दुखून नाडी धावू लागली तर फोन कोणाला करायचा हे सांगत नाही, तेथे पैसे भरू नयेत. पाच वर्षांपूर्वीचे किती रुग्ण अजून तपासणीला येतात, हेही विचारावे. उत्तर टाळले तर काय ते समजावे.

तयारी मात्र आपली. खर्रा काही आठवडे आधी बंद, आणि नंतरही बंद. (आपल्याकडे हेच सर्वांत अवघड!) शेवटचे दोन आठवडे भात, भाकरी, साखर कमी करावयास सांगतात, ते यकृत आक्रसावे म्हणून, वाढलेले यकृत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जठराच्या आड येते. स्त्रियांनी नंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी, आणि हे सासूबाईंनाही आधीच सांगून ठेवावे.