परक्या डोंगराचे वाचन

जन्मभर मराठी वाङ्मय शिकवलेल्या माणसाने बर्फावरून धावणाऱ्या यंत्रांविषयी लिहावे, आणि तेही वाङ्मयीन चर्चेसाठी असलेल्या या जागी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटले असते. परंतु काही हिवाळ्यांपूर्वी कॅलगरी येथे धाकट्या बहिणीकडे मुक्कामास असताना जे पाहिले, त्याने वाचन, साहस आणि कथन यांविषयीच्या माझ्या काही समजुती डळमळीत झाल्या. त्यांचा हिशेब मांडणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा भाचा तेथे अभियंता आहे. त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी फेब्रुवारीत रेव्हलस्टोक येथे जाण्याचे ठरवले होते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील हे गाव कॅलगरीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, कोलंबिया नदीच्या काठी वसले आहे. अतिशय जाड आणि हलका बर्फ पडणारा प्रदेश म्हणून स्नोमोबिल चालवणाऱ्यांत त्याची ख्याती आहे. भाच्याने तोवर सपाटीवर, आखलेल्या वाटांवर यंत्र चालवले होते. उंच डोंगरात जाण्याची त्याची ही पहिलीच वेळ, आणि डोंगरही अनोळखी. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर नकाशे, सूचनापत्रके आणि याद्या पसरलेल्या असत. मी थट्टेने म्हणालो, "अरे, तू प्रवासाला निघालायस की परीक्षेला?" तो मान वर न करता म्हणाला, "मामा, ही परीक्षाच आहे. फक्त पेपर आधी फुटलेला आहे आणि तरी माणसं नापास होतात."

हे उत्तर मला तेव्हा चतुर वाटले. ते किती शब्दशः खरे होते हे नंतर उमगले.

प्रथम त्या यंत्राविषयी थोडे. क्वेबेक प्रांतातील व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए या तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात पोटाच्या विकाराने दगावला. रस्ते बर्फाखाली गेल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग बॉम्बार्डिए त्याआधीपासूनच करीत होते. १९३७ साली त्यांना त्याचे एकस्व मिळाले आणि १९५९ मध्ये एका-दोघांसाठीची हलकी 'स्की-डू' बाजारात आली. जे यंत्र बर्फात अडकलेल्या माणसाला बाहेर काढण्याच्या तळमळीतून आकाराला आले, तेच आज माणसाला हौसेने बर्फाच्या अंतरंगात घेऊन जाते. या विपर्यासात निषेधार्ह असे काही नाही, परंतु तो विसरण्याजोगाही नाही.

स्कीवर चढणारा माणूस दिवसभरात एखाद-दुसरा उतार गाठतो. स्नोमोबिलवाला तासाभरात डझनभर उतारांवर जाऊन येतो. म्हणजे दर उताराला जो प्रश्न विचारायचा, तो त्याला डझनभर वेळा आणि घाईत विचारावा लागतो. हिमस्खलन आवाजाने होते ही चित्रपटांनी रूढ केलेली समजूत खरी नाही. ते मुख्यतः भाराने होते. थरावर थर साचत जातात, त्यांतला एखादा कच्चा राहतो आणि त्यावरची सलग लादी वजन पडताच सुटते. असे बहुतेक उतार ३० ते ४५ अंशांचे असतात, आणि नेमके हेच उतार चढायला सर्वांत मोहक असतात. माणसे गाडली जातात त्या बहुसंख्य घटनांत स्खलन त्यांनीच किंवा त्यांच्या सोबत्याने सुरू केलेले असते. गाडलेल्याला वाचवण्यासाठी हाती उरतात ती पहिली दहा-पंधरा मिनिटे. तेवढ्या वेळात बाहेरून मदत पोहोचत नाही; शेजारी उभा असलेला मित्र हीच मदत.

भाच्याच्या यादीचा अर्थ या पार्श्वभूमीवर मला लागू लागला. प्रत्येकाच्या अंगावर संकेत-प्रक्षेपक, प्रत्येकाच्या पाठीवर फावडे आणि शोधकाठी. यंत्राला बांधलेली नव्हे, पाठीवरच, कारण यंत्र आणि माणूस एकाच ठिकाणी गाडले जातील याची खात्री नसते. एका वेळी एकानेच उतारावर जायचे. बाकीच्यांनी उताराच्या पायथ्याशी न थांबता बाजूला, सुरक्षित जागी थांबायचे. कुणी वर अडकलाच, तर दुसऱ्याने त्याच्या मदतीला यंत्र घेऊन धावायचे नाही. हा शेवटचा नियम मला प्रथम क्रूर वाटला. मित्र अडकला असता न धावणे, ही कसली मैत्री? परंतु दोन यंत्रांचा भार एकाच लादीवर देणे म्हणजे दोघांनाही संकटात लोटणे होय. साहाय्याची आपली सहजप्रेरणा येथे अभ्यासपूर्वक आवरावी लागते. शिवाय कोणता भाग कॅरिबू हरणांच्या अधिवासासाठी बंद आहे, राष्ट्रीय उद्यानाची हद्द कोठे लागते (तेथे या यंत्रांना मज्जाव आहे), खोल बर्फात इंधन किती जास्त जळते, अंधार केव्हा पडतो, परतण्याची वेळ घरी कुणाला सांगून जायची, हेही सारे यादीत होते.

मात्र माझे लक्ष खिळले ते एका शब्दावर. 'अ‍ॅव्हलांच कॅनडा' ही संस्था हिवाळाभर दररोज हिमस्खलनाचा अंदाज प्रसिद्ध करते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात: लो, मॉडरेट, कन्सिडरेबल, हाय आणि एक्स्ट्रीम. यातील मधला शब्द मोठा घातकी आहे. पाचांत तिसरा म्हणजे मध्यम, असा हिशेब मन आपोआप करते. आपल्याकडील परीक्षेतला 'सेकंड क्लास' जणू. प्रत्यक्षात त्या पायरीची व्याख्या सांगते की परिस्थिती धोकादायक आहे आणि माणसाच्या भाराने हिमस्खलन होणे संभवनीय आहे. 'हाय' या शब्दाने माणसे घरी थांबतात. 'कन्सिडरेबल' हा शब्द मात्र त्यांना बाहेर पडू देतो, आणि मृत्यूंचा मोठा वाटा याच पायरीवर नोंदला जातो. या शब्दाच्या पोटात 'विचार करणे' हा धातू आहे. परंतु रूढीने तो इतका गुळगुळीत झाला आहे की विचार करण्याची आज्ञा त्यातून कुणाला ऐकूच येत नाही. मराठीत आपण त्याला 'लक्षणीय' म्हणू, आणि आपल्या समीक्षेने त्या शब्दाचे काय करून ठेवले आहे हे वाचक जाणतातच.

ही केवळ शाब्दिक चिकित्सा नव्हे. १ फेब्रुवारी २००३ रोजी रेव्हलस्टोकच्या पूर्वेस, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात, शाळेच्या सहलीला आलेला १७ जणांचा स्कीधारी गट हिमस्खलनात सापडला आणि सात विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्या दिवशी वरच्या उंचीसाठी धोक्याची पायरी 'कन्सिडरेबल' हीच होती. त्यानंतर झालेल्या पुनर्विचारातून 'पार्क्स कॅनडा'ने २००४ मध्ये भूप्रदेशाची एक वेगळी श्रेणीव्यवस्था तयार केली. त्यात वाटांची साध्या, आव्हानात्मक आणि गुंतागुंतीच्या अशी वर्गवारी असते. साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे या व्यवस्थेची दोन रूपे मुद्दाम लिहिली गेली: एक तज्ज्ञांसाठी आणि दुसरे सर्वसामान्यांसाठी. माहिती उपलब्ध असणे आणि माहिती वाचली जाणे या दोन भिन्न घटना आहेत, हे तेथे कळून चुकले. आपल्या समीक्षालेखांना ही कबुली अद्याप द्यावयाची आहे.

अनोळखी प्रदेश अधिक धोकादायक, असा माझा समज होता. तोही पुरता टिकला नाही. २८ डिसेंबर २००८ रोजी हार्वी पास येथे स्पारवूड या खाणगावचे ११ जण स्नोमोबिलवर गेले होते. आधी सात जण गाडले गेले. उरलेले चौघे त्यांना उकरण्यासाठी धावले आणि दुसऱ्या स्खलनाखाली सापडले. आठ जण दगावले. ही सारी माणसे त्याच परिसरातली होती. पुढे १३ मार्च २०१० रोजी रेव्हलस्टोकच्याच बोल्डर पर्वतावर सुमारे २०० जणांच्या अनौपचारिक मेळाव्यावर हिमस्खलन कोसळले. त्यात दोघांचा मृत्यू झाला, सुमारे ३० जण जखमी झाले. त्या आठवड्याअखेरीसाठी धोक्याची विशेष सूचना आधीच प्रसिद्ध झालेली होती. म्हणजे परिचय हे ज्ञान नव्हे, आणि गर्दी हा पुरावा नव्हे. किंबहुना परक्या डोंगरात जाणाऱ्याला एक लाभ असतो: आपल्याला काही ठाऊक नाही, हे त्याला ठाऊक असते. वर्षानुवर्षे तीच कविता शिकवणारा अध्यापक आणि ती प्रथमच वाचणारा विद्यार्थी, यांच्यात नेमका हाच फरक पडतो. आपण वाचत नसतो, आठवत असतो.

आता मूळ घटनेकडे. निघण्याच्या आदल्या रात्री अंदाज आला: 'कन्सिडरेबल'. खाली कच्चा थर, वर ताजा बर्फ. भाच्याने मोठे उतार वगळून आखलेल्या वाटेने डोंगरावरील निवाऱ्यापर्यंतच जाण्याचा आराखडा मांडला. दोघांना तो पटला. उरलेल्या दोघांना इतका खर्च करून तेथवर जायचे आणि वाटेवरूनच परतायचे, हे हास्यास्पद वाटले. दुसऱ्या दिवशी गट फुटला. तिघे निवाऱ्यापर्यंत जाऊन आले. दोघे उतारांवर गेले, दिवसभर मनसोक्त हिंडले, आणि संध्याकाळी छायाचित्रांसह सुखरूप परतले.

त्या दिवशी काहीही झाले नाही.

या वाक्यापाशी मी पुष्कळ थांबलो आहे. हिमस्खलन झाले असते, तर भाचा शहाणा ठरला असता. ते न झाल्याने तो भित्रा ठरला. त्या दोघांपैकी एकाशी त्याचे बोलणे आजही तुटलेले आहे. परंतु निर्णयाची योग्यता परिणामावरून ठरवता येते का? सहापैकी पाच वेळा न फुटणारा सुरुंग पाचही वेळा सुरुंगच असतो. डोंगर वारंवार चुकीच्या उत्तराला गुण देतो. त्याच्या शाळेतला खरा धोका हाच आहे.

येथे साहित्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्या कथनपरंपरेला मागे फिरणारा माणूस मानवत नाही. शिखर गाठलेला नायक होतो, दरीत कोसळलेला शोकनायक होतो. परंतु हवामान पाहून अर्ध्या वाटेवरून परतलेल्याची गोष्ट होत नाही. सह्याद्रीवर लिहिल्या गेलेल्या विपुल लेखनातही चढाई असते, वारा असतो, इतिहास असतो; आदल्या रात्रीची यादी सहसा नसते. तयारी हा गद्य, रुक्ष भाग म्हणून संपादनात गळतो. परिणामी तरुण वाचकाला साहस म्हणजे तयारीचा अभाव असे वाटू लागते. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि किल्ल्यांवर जी मुले दरवर्षी प्राण गमावतात, त्यांच्या मनातल्या साहसाच्या प्रतिमेत आपल्या लेखनाचा थोडासाही वाटा नाही, असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

याला सन्माननीय अपवाद आपल्याच परंपरेत आहे. विष्णुभट गोडसे यांचा १९०७ साली प्रसिद्ध झालेला 'माझा प्रवास' आपण १८५७ च्या धामधुमीसाठी वाचतो. परंतु वरसईचा हा भिक्षुक उत्तरेत निघाला तो कर्जाच्या विवंचनेतून, यज्ञातील दक्षिणेच्या आशेने, घरच्यांशी विचारविनिमय करून आणि काकांना सोबत घेऊन. निघण्यापूर्वीची ही सारी विवंचना त्याने लिहून ठेवली आहे. त्याचा बेत पुढे पार मोडला. पण तो बेत सांगितलेला आहे म्हणूनच मोडण्याला अर्थ आला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानत नाही. इतके आधी वाचून गेल्यावर विस्मय उरतो का? परक्या प्रदेशात जाण्याचे सुख परकेपणातच नसते का? माझे उत्तर असे की नकाशा वाचल्याने डोंगर वाचून होत नाही. व्याकरण शिकल्याने कवितेचे नवल सरत नाही, उलट कोठे नवल करायचे ते समजते. भाचा निवाऱ्यापर्यंतच गेला, पण परतल्यावर तो तासभर बर्फाच्या थरांविषयी बोलत होता. त्याने खड्डा खणून ते पाहिले होते, बोटांनी चाचपले होते. उतारांवर गेलेल्या दोघांकडे छायाचित्रे होती. डोंगर कुणी अधिक पाहिला, हे मी वाचकांवर सोपवतो.

टेबलावरचे नकाशे त्याने गुंडाळून ठेवले आहेत, फेकलेले नाहीत. निघताना मी विचारले, "पुन्हा जाणार?" तो म्हणाला, "जाणार ना, मामा. तो डोंगर कुठे पळून चाललाय?"