गच्चीवरचे टोमॅटो आणि आपला आरडाओरडा

काल संध्याकाळी गच्चीवरचा शेवटचा तोडा केला. वळवाच्या दोन सरी येऊन गेल्यात, आणखी पाऊस लागला तर उरलेली फळं तडकणार, म्हणून अर्धवट लाल झालेलीसुद्धा काढून घेतली. पावणेदोन किलो टोमॅटो, ओंजळभर गवार, चार वांगी आणि नजरेतून सुटून निबर झालेली एक भेंडी. ती बियाण्याला ठेवली.

टोपलीचा फोटो टाकला, तर नेहमीच्या कमेंट. "मस्त! आता भाव वाढले तरी तुम्हाला काय!" आणि एक, "सगळ्यांनी असं केलं तर महागाईच राहणार नाही." ही वाचून राहवलं नाही.

हिशेब सांगतो. फेब्रुवारीत दहा कुंड्यांत रोपं लावली. दोन पांढऱ्या माशीने गेली, पानं वळून गोळा झाली. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला तेव्हा आज फूल दिसायचं आणि उद्या ते गळून मातीवर. हिरवी जाळी बांधली तेव्हा कुठे फळ धरलं. अख्ख्या हंगामात नऊ किलो! माती, कोकोपीट, निंबोळी पेंड, जाळी, सुतळी सगळं धरलं तर किलोला दीडशेच्या वर पडला. माझी रोज सकाळची मजुरी वेगळी, टँकरचं पाणी वेगळं. चव अप्रतिम आहे, कोशिंबिरीत साखर लागत नाही. पण हा छंद आहे हो, महागाईवरचा उपाय नाही.

२०२३ चा जुलै आठवा. टोमॅटो दीडशे-दोनशे रुपये किलो झाला होता. तेव्हा उत्तर प्रदेशातल्या एका मंत्रीबाईंनी हाच सल्ला दिला होता, महाग वाटतात तर घरी लावा. दिल्लीत नाफेड आणि एनसीसीएफच्या गाड्या उभ्या राहिल्या, आधी ९० रुपये किलो, मग ८०, मग ७०. ऑगस्टमध्ये नेपाळहून आयातही झाली. त्याला माझा विरोध नाही. रोजंदारीवाल्याच्या घरातही टोमॅटो शिजला पाहिजे. प्रश्न पुढचा आहे. सप्टेंबरात तोच टोमॅटो इतका कोसळला की शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला. तेव्हा त्या गाड्या कुठे होत्या?

माझा मामा जुन्नर तालुक्यात टोमॅटो करतो. काल फोनवर विचारलं, "किती निघाला रे माल?" म्हटलं नऊ किलो. तो हसला नाही. "म्हणजे अर्धा क्रेट," एवढंच म्हणाला. त्या सप्टेंबरात त्याला वीस किलोच्या क्रेटला ऐंशी रुपये मिळत होते. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं निघेना, म्हणून उभा प्लॉट सोडून दिला आणि त्यात मेंढरं घातली. बांबू, तार, मल्चिंग, औषधं सगळं उधारीवर होतं. त्याआधी दोन महिने आपण सगळे व्हॉट्सॲपवर टोमॅटो तिजोरीत ठेवल्याचे विनोद फिरवत होतो. मीही फिरवले, कबूल करतो.

टोमॅटोला हमीभाव नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो-कांदा-बटाट्यासाठी ५०० कोटींचं 'ऑपरेशन ग्रीन्स' जाहीर झालं, भावाची ही चढउतार थांबावी म्हणूनच. पाच वर्षांनी काय झालं ते वर लिहिलंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की शंभरीच्या वर गेल्यावर जी यंत्रणा खरेदीला उतरते, तिने पाच रुपयांवर आल्यावरही उतरावं. भावाची एक खालची रेषा आधी ठरवा, तिच्याखाली गेला की खरेदी सुरू. माल सॉस-प्युरीच्या कारखान्याला द्या, शाळेच्या पोषण आहारात घाला. आणि आपण शहरातल्यांनी दोनशेला जेवढा आवाज केला, त्याच्या निम्मा तरी पाचला करावा. आमदार-खासदारांना तो आवाज ऐकू येतो.

बाकी गच्चीवर वांगी अजून लागतायत, आम्हाला दोघांना जास्त होतात. सोसायटीतल्या कुणाला हवी असतील तर उद्या आठच्या आत या, नंतर मी ऑफिसला निघतो. टोमॅटो मात्र संपले.