आधी इन्स्टॉल तर करून दाखव!

‘पायथन ही सगळ्यात सोपी प्रोग्रॅमिंग भाषा आहे’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. यूट्यूबवरचे गुरुजी सांगतात, क्लासच्या फ्लेक्सवर छापलेलं असतं, कॉलेजातले सरही पहिल्या तासाला हेच म्हणतात. ते खोटंही नाही. एक ओळ लिहा, पडद्यावर ‘नमस्कार’ उमटतो. फक्त ती एक ओळ घरच्या कॉम्प्युटरवर चालावी म्हणून आधी काय काय करावं लागतं, ते यातलं कुणीच सांगत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. भाषा इन्स्टॉल करणं हा आज प्रोग्रॅमिंगमधला सगळ्यात अवघड धडा आहे. तो कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, आणि त्यात गळणाऱ्या मुलांची मोजदादही कुठे होत नाही. याचा दोष मुलांचा नाही, आमच्या धंद्याचा आहे.

विंडोजवर पायथन टाकायला निघालेल्या बारावीच्या मुलीचं उदाहरण घ्या. तिने वेबसाइटवरून फाइल उतरवली आणि उघडली. समोर ‘इन्स्टॉल नाऊ’ असं मोठं बटण. त्याच खिडकीत तळाशी एक छोटा चौकोन: पायथनला ‘पाथ’मध्ये घालायचं का? हा चौकोन वर्षानुवर्षं रिकामाच येत राहिला. ती मोठं बटण दाबते, कुणीही तेच दाबेल. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पायथन’ असं टाइप करते, तर मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून ही सोय आहे. आत्ताच इन्स्टॉल केलेली गोष्ट पुन्हा घ्यायला तिला दुकानात पाठवलं जातं. ‘पिप’ टाइप केलं तर उत्तर येतं, ‘इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’.

झालंय एवढंच की पायथन मशीनवर आहे, पण विंडोज ज्या यादीत बघून कमांड शोधतं, त्या यादीत त्याचा पत्ता नाही. त्या यादीचं नाव पाथ. हे एका वाक्यात सांगता येतं. पण पडद्यावरचा मेसेज ते सांगत नाही. तो फक्त ‘ओळखत नाही’ म्हणतो आणि गप्प बसतो.

मग इंटरनेटवर शोधाशोध. कुणीतरी ‘सेटएक्स’ ही कमांड वापरायला सांगतं. ही कमांड १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते, म्हणजे पाथ लांबलचक असेल तर आधी चालणारी सॉफ्टवेअरंही बंद पडायची. तेवढ्यातून निभावलं आणि एखादं पॅकेज टाकायला गेलं की कधी मागणी येते: मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० किंवा त्यापुढचं हवं. पायथन शिकायला सी प्लस प्लसचा कंपायलर, तोही काही जीबींचा! रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून बसलेल्या मुलीने तो कधी उतरवायचा? पुढे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करायला जावं तर पॉवरशेल म्हणतं, या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. आणि घरातलं मशीन थोरल्या भावाचं जुनं विंडोज ७ वालं असेल तर गोष्ट दारातच संपते, कारण ऑक्टोबर २०२० मध्ये आलेलं पायथन ३.९ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालतच नाहीत.

‘मग लिनक्स घे ना’ म्हणणाऱ्या मित्रांसाठी: डेबियन १२ वर, म्हणजे २०२३ पासून, नेहमीच्या पद्धतीने पिपने पॅकेज टाकायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असं म्हणून हाकलतात. मॅकवाल्यांनीही हसू नये. तुमच्याकडे आयतं येणारं पायथन अ‍ॅपलने २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ पासून काढून टाकलं.

आपल्याकडच्या मुलांसाठी आणखी एक खास अडचण. विंडोजवर खातं उघडताना नाव देवनागरीत लिहिता येतं, आणि मग त्याच नावाचं फोल्डर तयार होतं. पुढे अँड्रॉइड स्टुडिओ टाकायला जावं तर तो तक्रार करतो की या पत्त्यात नॉन-आस्की अक्षरं आहेत. थोडक्यात, स्वतःच्या घरातल्या मशीनवर स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत लिहिणं ही तांत्रिक अडचण ठरते. उपाय काय सुचवतात? इंग्रजी नावाचं नवं खातं उघडा.

हे सगळं असंच असायला हवं का? १९८१ साली आलेला बीबीसी मायक्रो चालू केला की समोर थेट बेसिक ही भाषा हजर व्हायची. मधे काही नाही. भारतात १९८४ मध्ये शाळांसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात हीच मशीनं दिली गेली होती. त्याच्या बी मॉडेलची मेमरी होती ३२ किलोबाइट. १९९१ च्या एमएस-डॉस ५ सोबत क्यूबेसिक आयतं यायचं. तो काळ सुवर्णकाळ होता असं मी म्हणत नाही; तेव्हा कॉम्प्युटर होता कुणाकडे? पण ३२ किलोबाइटमध्ये जे जमत होतं ते आज ८ जीबीमध्ये जमत नाही, याला तांत्रिक कारण नाही. आजही प्रत्येक ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट असतंच. लॅपटॉपवर एफ-१२ दाबा, कन्सोल उघडा, लिहा. ते इन्स्टॉल होत नाही म्हणून कुणी रडत नाही. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

आता टर्बो सीकडे वळू. आपल्या कॉलेजांत अजून तो निळा पडदा दिसतो, म्हणून आपण प्राध्यापकांची टर उडवतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा हा कंपायलर, सी प्लस प्लसचं पहिलं प्रमाणीकरण होण्याच्या (१९९८) आधीचा. तो अजून का टिकलाय? कारण तो चालतो. पेन ड्राइव्हवरून फोल्डर कॉपी करा, डॉसबॉक्समध्ये उघडा, झालं. साठ मशीनांची लॅब आणि हाताशी एक असिस्टंट असलेल्या माणसाने दुसरं काय करायचं? परिणामी पोरं ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ लिहायला शिकतात, जे आजचा कंपायलर दारातही उभं करत नाही. इन्स्टॉलेशनचा त्रास असा अभ्यासक्रमात शिरतो. जे टाकायला सोपं, ते शिकवलं जातं.

यावर आमच्या क्षेत्रातलं ठरलेलं उत्तर असतं: ‘एवढंही जमत नसेल तर इंजिनिअर कसला?’ मला या वाक्याची चीड येते. या परीक्षेत बुद्धी तपासली जात नाही, ओळखी तपासल्या जातात. दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की मला नात्यातल्या मुलांचे फोन येतात. ‘दादा, सगळं केलं, तरी चालत नाही रे.’ मी स्क्रीन शेअर करायला सांगतो, दहा मिनिटांत काम होतं. ती मुलं पास. ज्यांना असा दादा नाही, ती ‘आपल्याला कॉम्प्युटर जमत नाही’ असं ठरवून मोकळी होतात.

शिवाय हे वाक्य म्हणणारे स्वतः काय करतात? कंपनीत नवीन माणूस आला की मशीन लावण्यात त्याचे दिवस जातात, तेही पगारी, आणि बाजूला सीनिअर बसलेला असतो. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ या वाक्याला कंटाळून आम्ही डॉकरसारखी साधनं डोक्यावर घेतली. डॉकर २०१३ मध्ये आलं. सगळी मांडणी एका डब्यात बंद करायची आणि डबाच पाठवायचा. म्हणजे हा त्रास अनावश्यक आहे हे आम्हाला चांगलं कळतं. आम्ही तो स्वतःपुरता सोडवला आणि नवख्या मुलांना म्हणालो, सहन करा, त्याने माणूस घडतो.

दुसरं उत्तर: ‘ऑनलाइन लिही, कोलॅब आहे की.’ पहिल्या दिवसासाठी उत्तम, मीही तेच सांगतो. पण तिथे नेट लागतं, खातं लागतं, आणि जागा दुसऱ्याची असते. बाबांच्या दुकानाची उधारी मोजणारा छोटा प्रोग्रॅम, नेट नसतानाही चालणारा, हवा असेल तर तो घरच्या मशीनवरच हवा.

या भाषा बनवणाऱ्यांतले पुष्कळ जण फुकट राबतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. तो चौकोन रिकामा ठेवण्यालाही कारण होतं: एकाच मशीनवर दोन-तीन पायथन असतील तर पाथमध्ये गोंधळ होतो. पण दोन-तीन पायथन कुणाकडे असतात? अनुभवी माणसाकडे. त्याची गैरसोय टाळायची म्हणून किंमत नवख्याने मोजली. कारण अनुभवी माणूस तक्रार नोंदवतो. नवख्याला ही तक्रारीची गोष्ट आहे हेच माहीत नसतं, त्याला ती स्वतःची चूक वाटते. आता २०२५ मध्ये पायथनने विंडोजसाठी नवा इन्स्टॉल मॅनेजर आणला आहे. चांगलंच झालं. पण पुस्तकं आणि व्हिडिओ अजून जुनेच आहेत.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कॉलेजांनी पहिलं प्रॅक्टिकल इन्स्टॉलेशनचं ठेवावं, मुलांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, आणि लागणाऱ्या सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर तयार ठेवाव्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीपासून कोडिंग आणायचं म्हटलंय. आणणाऱ्यांनी शाळेतल्या मशीनवर भाषा कोण टाकणार, हे आधी सांगावं. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी आवृत्ती सांगावी आणि एरर कापून टाकू नयेत, दाखवाव्यात. माझ्यासारख्या दादा-ताईंनी फोनवर सोडवलेली प्रत्येक अडचण मराठीत चार ओळींत लिहून ठेवावी. पुढचा फोन दुसऱ्या कुणाला तरी लावता येत नसतो.

आणि तुम्ही आत्ता लाल अक्षरांसमोर अडकला असाल, तर तो मेसेज जसाच्या तसा कॉपी करा आणि भेटेल त्याला विचारा. ‘एवढंही येत नाही का?’ असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, तुला कुणी लावून दिलं होतं?