वडिलांचे वय आणि घराचा विमा

नागरा येथील एखाद्या छोट्या किराणा व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. पती-पत्नी, दोन मुले आणि ७२ वर्षांचे वडील. नोकरी नसल्याने कार्यालयाचा सामूहिक विमा नाही. सर्वांची मिळून एकच पॉलिसी घ्यावी, तर हप्ता ऐकूनच छाती दडपते. कारण साधे आहे : कौटुंबिक पॉलिसीचा हप्ता प्रामुख्याने घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या वयावर ठरतो.

वडिलांना वेगळे ठेवा, हे ऐकावयास कठोर वाटेल. परंतु ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. दांपत्य त्याच वयाचे असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते. उपचार मात्र योजनेशी संलग्न रुग्णालयांतच होतात. गोंदियात आणि नागपुरात अशी कोणती, हे आजारपणाआधीच विचारून ठेवावे.

उरलेल्या चौघांचा हप्ता मग बराच आटोक्यात येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरील १८ टक्के जीएसटीही गेला आहे.

अर्जात मधुमेह वा रक्तदाब लपवू नये, मग एजंट काहीही सांगो. जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षांची. लपविलेला आजार मात्र ऐन वेळी दावाच बुडवितो. आणि वडिलांनी जुन्या पॉलिसीत ही प्रतीक्षा आधीच पूर्ण केली असेल, तर त्यांचे नाव घाईने काढू नये.