श्वासाचा लगाम

मनुष्याचे हृदय त्याच्या आज्ञेची वाट पाहत नाही. निरोगी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा स्पंदन पावते. थांब म्हटल्याने ते थांबत नाही. श्वासाची गोष्ट मात्र निराळी आहे. झोपेत तो आपोआप चालतो आणि जागेपणी मनात आणले तर मंद किंवा दीर्घ करता येतो. शरीराच्या आपोआप चालणाऱ्या कारभारात माणसाच्या हाती आलेला हा लगामच होय. प्राणायामाचे महत्त्व येथेच आहे.

कित्येकांची अशी समजूत असते की, प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो. ही समजूत बरोबर नव्हे. निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्त साध्या श्वसनानेही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. खरा लाभ होतो तो मज्जासंस्थेच्या द्वारे. श्वास घेताना नाडी किंचित जलद चालते व सोडताना मंदावते. मनगटावर बोटे ठेवून कोणालाही हे पाहता येईल. मेंदूकडून हृदयाकडे येणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला आवर घालतो आणि उच्छ्वासाच्या वेळी त्याचा प्रभाव वाढतो. म्हणूनच मिनिटाला बारा ते अठरा श्वासांऐवजी सहाच्या आसपास श्वास घेतले व उच्छ्वास दीर्घ ठेवला, तर नाडी शांत होते, रक्तदाब थोडासा उतरतो आणि मनाचा क्षोभ निवतो.

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगक्रियांचे परिणाम यंत्रांच्या साहाय्याने तपासण्याचा मार्ग घालून दिला. श्रद्धा आणि प्रयोग यांत वैर नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले.

पुढे वेंगर, बागची आणि दिल्लीचे आनंद या शास्त्रज्ञांनी, 'आम्ही हृदय थांबवितो' असे म्हणणाऱ्या काही योगाभ्यासी पुरुषांची परीक्षा केली. तिचा वृत्तान्त १९६१ साली प्रसिद्ध झाला. नाडी हाताला लागेनाशी झाली, हृदयाचे ठोकेही नीट ऐकू येईनात. परंतु विद्युत्-आलेखात हृदय चालूच असल्याचे दिसले. श्वास कोंडून छातीतील दाब वाढविल्याने हृदयाकडे परतणारे रक्त तेवढे कमी झाले होते. या शोधाने योगविद्येचा अपमान झाला काय? मुळीच नाही. कसोटीला उतरलेले सोने अधिक मोलाचे ठरते. हीण जळाले म्हणून कोणी शोक करीत नाही.

म्हणून प्राणायामाकडे चमत्कार म्हणून पाहू नये, तसेच थोतांड म्हणून त्याची हेटाळणीही करू नये. श्वास अधिक वेळ कोंडण्याची पैज लावणे हा प्राणायाम नव्हे. तो अविचार आहे. वाघसिंहांना हळूहळू वश करावे लागते, तसेच प्राणालाही करावे, असा इशारा हठप्रदीपिकेनेच दिला आहे. रक्तदाबाच्या रोग्याने प्राणायामाच्या भरवशावर औषध सोडणे तर घातकच होय. जाणत्याच्या देखरेखीखाली, रोज थोडा वेळ, न ताणता केलेला अभ्यास हाच हितकर. लगाम घोडा ताब्यात ठेवण्यासाठी असतो. तो हिसडून घोड्याचे तोंड रक्तबंबाळ करण्यासाठी नसतो.